पप्पांचा रोजचा प्रश्न

भेस्तानच्या त्या गल्लीत हर्षदाच्या इंग्रजीचं सगळ्यांना भारी कौतुक होतं. दहावीतली ही पोरगी शाळेतून आली की तिचे पप्पा, वाल्मिकभाऊ, तिला रोज इंग्रजीचा एक प्रश्न विचारायचे. कडोदऱ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर हवा होता आणि त्याला फोनवर व्यापाऱ्यांशी थोडंफार इंग्रजी बोलावं लागणार होतं; त्या जागेच्या मुलाखतीची ते तयारी करत होते.

वीस वर्षं कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे वाल्मिकभाऊ घरातही ओरडूनच बोलत. एकदा हर्षदाच्या मैत्रिणी बसलेल्या असताना ते मोरीतूनच गरजले, "हर्षू, 'प्लीज होल्ड ऑन' कव्हय म्हनानं?"

मैत्रिणी फिस्सकन हसल्या. हर्षदालाही हसू आवरेना. "पप्पा, केव्हाही म्हणा, पण तुम्ही असं ओरडून म्हटलं तर समोरचा फोन टाकून पळेल. राहू द्या ना."

तेही हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सोमवारी शेवटी तिनंच विचारलं, "आज मुलाखत होती ना?"

"ललितले धाडं," आपल्याऐवजी सोबतच्या कारागिराला पाठवल्याचं सांगत ते म्हणाले. "तो बरं बोलस."

जेवण उरकून हर्षदानं वही काढली, फोनवर लागतील अशी एकवीस वाक्यं अर्थासकट लिहिली आणि पप्पांना एकेक वाचून दाखवली. त्यांनी सगळी मन लावून ऐकली.

"काही विचारायचंय, पप्पा?"

"नही बेटा. तू भारी समजाडस," असं तिच्या समजावण्याचं कौतुक करून ते अंथरूण घालायला उठले.