उतरलेली बॅटरी

क्लिफर्ड रटलेज जानेवारीत गेला. काचघरात टोमॅटोच्या कुंड्या धुऊन पालथ्या घालत होता, तिथेच खाली बसला तो उठलाच नाही. उत्तर इंग्लंडमधलं सिलथ गाव समुद्रकाठचं, लहानसं. दुपारपर्यंत बातमी सगळीकडे पोचली. अंत्यविधीला चर्च भरलं, नंतर हॅम-सँडविचेस कमी पडल्या. त्यानंतर मात्र, ठरवून केल्यासारखी, माणसं त्याच्या बायकोला, एनिडला, टाळायला लागली.

वाईट मनानं नाही. तिच्याशी बोलायचं काय, हेच कुणाला सुचत नव्हतं. चर्चमधली ऑड्री तिला लांबून बघून रस्ता ओलांडायची आणि पोस्टाच्या पेटीशी उगाच रेंगाळायची. खाटकाकडचा रेमंड पूर्वी दुकानभर ऐकू जाईल असा हसायचा. तो आता आवाज खाली आणून "कशा आहात मिसेस रटलेज?" एवढंच विचारायचा आणि उत्तर यायच्या आत सॉसेज कागदात गुंडाळायला घ्यायचा. शेजारचा एर्नी टिंडल कुंपणापलीकडून मान हलवायचा. एनिडही मान हलवायची. असे दिवस जात होते. कधीकधी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपण तोंडातून शब्दच काढला नाही, हे तिला चहाचा कप विसळताना लक्षात यायचं. मग ती मुद्दाम खाकरून बघायची, आवाज आहे ना अजून म्हणून.

मुलगी जिलियन ब्रिस्टलला. दर रविवारी तिचा फोन यायचा.

"आई, गाडी विकून टाक ना गं. दारात नुसती गंजतेय. समुद्राचं खारं वारं तिकडचं."

"बघते."

"बघते काय? तू थोडीच चालवणारेस!"

ते खरंच होतं. मार्च उजाडला तसं एनिडनं मनावर घेतलं. विकायची तर निदान चालू तरी व्हायला हवी, म्हणून तिनं खुंटीवरची किल्ली काढली, बाहेर जाऊन क्लिफर्डच्या जागेवर बसली आणि किल्ली फिरवली. गाडी टक् म्हणाली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्.

"बॅटरी बसली!" कुंपणापलीकडून आवाज आला.

एर्नी टिंडल हातात कात्री घेऊन उभा होता. जन्मभर गोदीवरच्या पिठाच्या गिरणीत काम केलेला, रुंद, लाल चेहऱ्याचा माणूस.

"शेवटची कधी चालवली होती?"

"ख्रिसमसच्या आधी. क्लिफर्डनं."

एर्नीनं क्षणभर आपल्या बुटांकडे बघितलं. मग कात्री कुंपणावर अडकवून तो सरळ फाटकातून आत आला. "थंडीत उभी राहिली की मान टाकतेच बघा. उघडा ते बॉनेट. अहो तिकडे नाही बाई, तुमच्या गुडघ्याशी खटका आहे. हां."

पुढचा अर्धा तास तो बोलत होता. बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं काय साचतं, ते गरम पाण्यानं कसं घालवायचं, त्याच्या भावाची व्हॅन ऐन गोठत्या सकाळी कशी दगा द्यायची. सगळं हात हलवून, डोळे मोठे करून. जानेवारीपासून ज्या माणसाच्या तोंडून तिनं धड वाक्य ऐकलं नव्हतं, तो आता थांबत नव्हता. एनिड "हो का?" "अरे बापरे" करत ऐकत राहिली. तो गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण कोटाशिवाय बाहेर उभ्या होतो आणि थंडी वाजलीच नाही.

दुसऱ्या दिवशी रेमंडनं खालच्या आवाजात "कशा आहात?" म्हटलं तेव्हा तिच्या तोंडून सहज गेलं, "मी बरी आहे. गाडीची बॅटरी उतरलीय."

झालं. दुकानातली सगळी रांगच जागी झाली.

"काढून घरात आणून ठेवायची," रेमंड सुऱ्यासकट हात उडवत म्हणाला.

"काही उपयोग नाही त्याचा! नवीनच घालायची," मागून एक म्हातारा ओरडला. "एकदा उतरली की ती बॅटरी कामातून गेली."

"गेली कशानं? अर्धा तास फिरवून आणली की भरते!"

"अर्ध्या तासात काय भरतंय? तुझं डोकं?"

"माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं," हे ऑड्रीनं सुरू केलं, रस्ता ओलांडणाऱ्या ऑड्रीनं, चक्क एनिडच्या कोपराला धरून, "दर रविवारी नुसती जागेवर चालू करून ठेवली. दहा मिनिटं. वर्षभर! आणि तरी बसली. वर धुरानं शेजारीण भांडायला आली ते वेगळंच."

एनिड हसली. आपलं हसू तिला परक्या बाईचं वाटलं. घरी जाताना पिशवीत मटण होतं, पण तिला भूक नव्हती. जी होती ती मघाशी दुकानातच भागली होती.

तेव्हापासून एनिड प्रश्न घेऊन घराबाहेर पडायला लागली. टायर उभ्याउभ्या चपटे होतात का? टाकीतलं पेट्रोल शिळं होतं का? वायपरचं रबर काचेला चिकटलं तर काय लावायचं? लायब्ररीत, केस सेट करायच्या दुकानात, चर्चच्या दारात, कुठेही विचारलं तरी माणसांचे चेहरे उजळायचे. क्लिफर्डचं नाव घेताना ज्यांची जीभ टाळ्याला चिकटायची, ते टायरबद्दल एकमेकांचं वाक्य तोडून बोलायचे. पाद्रीबाईंनी तर प्रार्थना संपल्यावर तिला बाहेर नेऊन आपल्या गाडीच्या चाकावरच्या पत्र्याचा गंज दाखवला. एनिड एका आठवड्याला एकच प्रश्न खर्च करायची. जपून.

गाडी चालू करून द्यायचं काम एर्नीचं. तो आपली गाडी नाकाला नाक लावून उभी करायचा, लाल-काळ्या वायरींचे चिमटे अडकवायचा, आणि एनिडची गाडी खोकून चालू व्हायची.

"आता हिला अर्धा तास फिरवून आणा."

"उद्या नेते."

"उद्या कशाला? लायसन्स आहे ना तुमच्याकडे?"

होतं. पण जिलियन शाळेत असताना एकदा एनिडनं गाडी चर्चच्या फाटकाच्या खांबाला घासली होती. क्लिफर्ड रागावला नाही, काही बोललासुद्धा नाही. फक्त पुढच्या वेळी निघताना किल्ली त्यानं घेतली. मग त्याच्या पुढच्या वेळीही. भांडण नाही, तंटा नाही. वर्षं निघून गेली आणि ती डाव्या बाजूच्या सीटवरची बाई झाली. हे एर्नीला कुठे सांगत बसणार? "उद्या," ती पुन्हा म्हणाली. एर्नीनं इंजिन बंद केलं, आणि पुढच्या आठवड्यात बॅटरी पुन्हा उतरली.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा, एका शनिवारी, एर्नी खोकं घेऊनच आला.

"हे असं किती दिवस चालणार? नवीन आणली. थांबा, बसवतोच."

त्यानं ती बसवली. हात पुसले. किल्ली फिरवली. एका झटक्यात इंजिन गुरगुरलं. "बघा! आता तीन-चार हिवाळे बघायला नको," तो खूश होऊन म्हणाला, आणि आपली हत्यारं उचलून घरी गेला.

बघायला नको ते खरंच बघायला नको झालं. सोमवारी रेमंडनं विचारलं, "काय म्हणते बॅटरी?"

"नवीन बसवली."

"वा! छान झालं." आणि तो सॉसेज गुंडाळायला लागला. ऑड्रीनं हात हलवला, पण लांबून. एर्नी कुंपणापलीकडून मान हलवायला लागला. माणसानं एवढं चांगलं करून ठेवलं होतं, की त्याबद्दल तक्रार करायचीही सोय नव्हती.

दोन आठवडे तिनं काढले. मग एका पावसाळी, अंधारून आलेल्या दुपारी ती बाहेर गेली, गाडीचं दार उघडलं, छतावरचा छोटा दिवा लावला आणि दार बंद करून घरात आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो पिवळा उजेड दिसत होता. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. लाजही वाटत होती. पण ती जागची हलली नाही.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली. एर्नी. टोपीवरून पाणी गळत होतं.

"एनिड, गाडीतला दिवा राहिलाय हो. बॅटरी उतरेल ना!"

एनिडनं "अरे हो" म्हणायला तोंड उघडलं. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "राहिला नाही. मीच लावून ठेवला."

एर्नीनं मागे वळून गाडीतल्या दिव्याकडे बघितलं.

"उतरली तर तुम्ही याल म्हणून," ती म्हणाली.

एर्नीनं टोपी काढली, पिळली, पुन्हा घातली. आत या म्हणायचं एनिडला सुचलं नाही आणि निघावं हे त्याला सुचलं नाही. पावसाची झड उंबऱ्यावर येत होती.

"क्लिफर्डबद्दल काय बोलावं ते मला कळलंच नाही," शेवटी तो म्हणाला. "बॅटरीचं कळतं."

एनिडनं मान हलवली. आणि तेव्हा तिला एकदम आठवलं, की एर्नीची बायको डोरीन दोन वर्षांपूर्वी विगटनच्या वृद्धाश्रमात राहायला गेली. आधी गॅस चालू ठेवून विसरायची, नंतर रस्ते, मग नावं. दर गुरुवारी एर्नी जेवण झालं की तिकडे जातो, हे सबंध गल्लीला माहीत होतं. दोन वर्षांत आपण त्याला एकदा तरी विचारलं का? हिवाळ्याचं विचारलं. गुलाबांच्या छाटणीचं विचारलं.

"डोरीन कशी आहे, एर्नी?"

त्यानं पावसाकडे बघितलं. "गेल्या गुरुवारी म्हणाली, तुम्ही बॉयलर दुरुस्त करायला आलात का?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं. बघतो म्हटलं. मग तो बॉयलर कुठाय ते शोधल्यासारखं केलं आणि बसलो जरा तिच्याजवळ." तो हसल्यासारखं करून थांबला. "तिनं चहा विचारला मला. कामाला आलेल्या माणसाला विचारावा तसा. चांगली वागली हो."

मग तो गेला. जाताजाता त्यानं गाडीचं दार उघडून दिवा बंद केला.

त्या रात्री एनिडनं त्यावर फार विचार केला नाही. पण बुधवारी ती कुंपणाशी जाऊन म्हणाली, "उद्या सकाळी गाडी बाहेर काढतेय. ॲलनबीपर्यंत."

"मी बसू का शेजारी? दुपारपर्यंत मोकळाच आहे."

"नको. शेजारी कुणी बसलं की मी त्याच्याकडेच बघत राहीन."

"मग निघायच्या आधी टायरमधली हवा तेवढी बघून घ्या," एर्नी म्हणाला. आणि लगेच हवेचं माप आणायला घरात गेला.

गुरुवारी ती गाडीत बसली तेव्हा पाय पॅडलपर्यंत पोचेनात. क्लिफर्ड उंच होता. सीटखाली हात घालून तिनं दांडा शोधला, ओढला, आणि सीट खटकन पुढे सरकली. तिला एकदम वाटलं, आपण न विचारता काहीतरी हलवलं.  मग आरसा खाली वळवला, पट्टा लावला आणि हँडब्रेक सोडला.

पहिल्या वळणावर गाडी बंद पडली. मागच्या व्हॅनवाल्यानं हॉर्न दिला नाही, त्यामुळे ती जास्तच घाबरली. पण गावाबाहेर समुद्राला धरून रस्ता सरळ होता. उजवीकडे पाणी, त्यापलीकडे स्कॉटलंडचे डोंगर ढगात. एका जागी मेंढ्या रस्त्यात होत्या. त्या जाईस्तोवर ती थांबली आणि पुन्हा निघताना गाडी बंद पडली नाही. "बघ," ती मोठ्यानं म्हणाली. डाव्या सीटवर कुणी नव्हतं.

ॲलनबीला पाण्याकडे तोंड करून गाड्या ओळीनं उभ्या होत्या. तिनंही आपली ओळीत लावली. वारा एवढा होता, की कुणी बाहेर उतरलेलं नव्हतं. प्रत्येक गाडीत एखाद-दुसरं म्हातारं माणूस, मांडीवर थर्मास, काचेवर वाफ. बाजूच्या गाडीतल्या गृहस्थानं तिच्याकडे बघून मान हलवली, तिनंही हलवली. काच कुणीच खाली केली नाही. एनिडनं चहा प्यायला, पाणी मागे हटताना बघितलं आणि परत फिरली.

घरी पोचली तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एर्नीची गाडी नव्हती, तो विगटनला गेलेला. आपण धड परत आलो, हे कुणीतरी बघायला हवं होतं असं तिला फार वाटलं. तिनं जिलियनला फोन लावला. निरोप घेणारं मशीन लागलं. "मी आहे गं, आई," ती म्हणाली. "काही विशेष नाही. ॲलनबीला जाऊन आले. गाडीनं." गाडीची किल्ली अजून तिच्या हातातच होती. "विकणार नाहीय मी ती," म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी चहाच्या वेळी एर्नीची गाडी आली. एनिड खिडकीशीच होती. इंजिन बंद झालं, पण तो उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून आत बसून राहिला. किटली उकळून बंद झाली तरी तो बसलेलाच होता. तेव्हा तिनं कोट चढवला, फाटकातून पलीकडे गेली आणि काचेवर बोटानं टकटक केलं.

काच खाली आली.

"कशी आहे आज?"

"झोपली होती," एर्नी म्हणाला. "उठवलं नाही मग. बघत बसलो."

"आत येता? चहा ठेवलाय."

"येतो." पण तो हलला नाही. "जरा इथेच बसतो. घरात शिरवत नाही लगेच."

एनिड वाऱ्यात उभी राहिली. काय बोलायचं ते तिला कळेना, आणि विचारायला प्रश्नही नव्हता. थोड्या वेळानं एर्नीनं वाकून पलीकडचं दार आतून उघडलं. ती वळसा घालून गेली, त्याच्या शेजारी बसली, दार ओढून घेतलं. बाहेरचा वारा एकदम बंद झाला. समोर त्याच्या गॅरेजचं दार होतं, रंग उडालेलं. दोघं त्याच्याकडे बघत बसली.