चनमल्लप्पाची मांडी

वळसंगच्या चनमल्लप्पानं तरुणपणी कितीतरी जत्रांतून कुस्त्या मारल्या होत्या. बहात्तरचा दुष्काळ सरला तोवर त्यानं साठी ओलांडली होती आणि मांड्या पार वाळल्या होत्या. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर टिकेकर त्याला म्हणाले, "म्हातारपणी स्नायू पुन्हा भरतो का, हे मला शोधायचंय. मांडीतला छोटा तुकडा द्याल? मग वर्षभर बैठका मारा. पुन्हा एक तुकडा घेऊ आणि दोन्ही ताडून बघू."

"घ्या की! नखाएवढ्या मांसानं माजं काय बिघडतंय?"

जखम भरल्यावर त्यानं बैठका धरल्या. गाव हसलं. बायको गुरम्मा चिडली, "ह्या वयात कुणाला लोळवायचंय?" पण मांडी हाताला टणक लागू लागली, तसा तो ताठ चालू लागला.

वर्षानं तो एसटीनं दवाखान्यात गेला. टिकेकरांच्या खुर्चीत दुसराच डॉक्टर होता.

"त्यांची बदली झाली. तो प्रयोग बंद पडला."

"आन माजा तुकडा?"

"खोली आवरताना बाटल्या टाकून दिल्या."

चनमल्लप्पानं धोतर वर सारलं. "निदान बगा तरी. भरलीय का न्हाय?"

डॉक्टरनं मान वर केली नाही. "दुखतंय का?"

"न्हाय."

"मग बाबा, बाहेर पेशंट ताटकळलेत."

घरी गुरम्मानं विचारलं, "काय म्हनले?"

"काय न्हाय," म्हणून तो भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. त्यानंतर त्यानं एकही बैठक मारली नाही.