रक्ताची पत्रिका

टर्रर्र… पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवलेला मोबाईल थरथरला आणि दुपारच्या घरातली शांतता तडकली. संबोधीने झडप घालून तो उचलला. इरू कूस बदलून पुन्हा निजली. गुडघ्यांवरची गरम पाण्याची पिशवी तेवढी घसरली. रात्रभर पोरगी तळमळली होती. सिकलसेलचं दुखणं उठलं की ती म्हणायची, आई, हाडं कुणीतरी आतून पिळतंय. संबोधीने पिशवी सारखी केली आणि मोबाईल पाहिला. रीलवर आणखी कमेंट्स.

तिचं आयुष्य रील होण्यासारखं कधीच नव्हतं. सांवेर रोडवरच्या एका कारखान्याच्या फाटकाशी बसून ट्रकांचे गेटपास बनवायचे, सुटलं की धावत घर गाठायचं, आणि अधूनमधून इरूला रक्त चढवायला न्यायचं. गेल्या आठवड्यात सिकलसेलच्या शिबिरात समीर नावाच्या रीलवाल्याने माईक पुढे केला, "दीदी, कुछ बोलो ना." ती बोलली, की आता जीन दुरुस्त करायचा इलाज निघालाय म्हणतात, आपल्याकडे आला तर माझ्या पोरीचं दुखणं थांबेल. आम्ही वाट बघतोय. एवढंच. समीरने वर तिचं नाव-आडनाव टाकलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'बच्ची को बदलवाएगी ये माँ!'

मग काय, ज्याला जे सुचेल ते. 'गोरी भी करवा लेना साथ में.' 'भगवान से ऊपर हो गईं मैडम.' 'आज जीन बदलेगी, कल बच्ची ही बदल देगी.' कारखान्यातला सुपरवायझर शनिवारी दात काढत म्हणाला, "संबोधीजी, हाइट बढ़वाने का भी हो तो अपने भिया को याद रखना!"

"हे वाचलंस का?" सासरे, तात्याराव, चष्मा सावरत आत आले. त्यांचे वडील महूच्या छावणीत शिपाई होते. फौजेची नोकरी वडिलांची, आवाज मात्र मुलाने उचलला होता. पेपर वाचावा तसे ते कमेंट्स मोठ्याने वाचायचे. "हा कोण देपालपूरचा, तो लिहितो…" मध्येच एक कमेंट त्यांनी गिळली. संबोधीने ती सकाळीच वाचली होती. 'जीन बदल लोगी, जात का क्या करोगी?'

"आणि हा बघ, हा शहाणा. 'शादी से पहले दोनों का कार्ड नहीं मिलाया क्या?' दिलं मी उत्तर ठोकून!"

"काय लिहिलंत, बाबा?"

"लिहिलं, मिलाया था. दोनों का कार्ड एकदम क्लीन था. मैं ससुर हूँ, मेरे सामने मिलाया. बसेल आता गप."

कार्ड कुणी जुळवलंच नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा माहेरच्या ओळखीच्या नर्सबाई, प्रेमलताताई, घरी येऊन सांगून गेल्या होत्या, दोघांचं रक्त तपासा, तपासणीचं कार्ड मिळतं ते जुळवा, तुमच्या नात्यात हा आजार आहे. तात्याराव तेव्हाही असेच गरजले होते, "पत्रिका बघणं आमच्या बापाने बंद केलं. आता ही रक्ताची पत्रिका कशाला? माणसं जुळली, बस!" सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनेही. केवढा अभिमान वाटला होता तिला त्या वाक्याचा!

मोबाईल पुन्हा थरथरला. तिने वाचलं आणि तो तसाच सासऱ्यांपुढे धरला.

तात्यारावांच्या उत्तराखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'अंकल, ये बीमारी माँ-बाप दोनों से आती है. दोनों क्लीन थे तो बच्ची किसकी है? बहू से पूछ लो.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

तात्यारावांनी ते दोनदा वाचलं. आवाज एकदम बसला. "मी आपलं… घराची लाज राखायला…"

"राखलीत ना."

त्यांना आपली कमेंट काढता येईना. बोट भलतीकडेच पडत होतं. शेवटी तिनेच त्यांचा मोबाईल घेऊन ती पुसली. तोवर त्या कमेंटचा स्क्रीनशॉट कुणीतरी खाली चिकटवला होता. मग तिने स्वतःच्या नावाने लिहिलं, 'कार्ड नहीं मिलाया था. हम दोनों में है.' नवरा, ज्ञानदीप, ड्यूटीवर होता. त्याला आधी विचारावं, असं क्षणभर वाटलं. पण बोटाने बटण दाबलंसुद्धा.

"आई."

इरू जागी होती. केव्हापासून, कोण जाणे.

"दुखतंय का गं?"

"थोडंसं. आई, कार्ड म्हणजे?"

"लग्नाआधी रक्त तपासतात, बेटा. दोघांतही तोच दोष निघाला तर म्हणतात, हे लग्न नका करू. म्हणजे पुढे कुणाला दुखायला नको."

"मग तुम्ही का नाही जुळवलं?"

दारात उभे तात्याराव भिंतीकडे बघू लागले.

"राहून गेलं."

इरूने जरा विचार केला. गार झालेली पिशवी गुडघ्यांवरून काढून आईच्या हातात दिली.

"आणि जुळवलं असतं, तर मी कुठे असते?"