डावा डोळा

दा नांगहून आलेला चित्रांचा गठ्ठा हिनुमाबाईंनी टेबलावर आपटला, तसा शेजारी बसलेल्या मदतनीस नोझोएच्या कॉफीचा कॅन लवंडता लवंडता राहिला.

"लाव त्या दा नांगच्या लिएनला फोन. डोळे गहाण टाकलेत का, विचारते."

कार्टून मालिकेच्या नायिकेचा डावा डोळा खाली उतरला होता. तिळाएवढाच, पण झाडून सगळ्या चित्रांत. चित्र कुणाचेही असो, त्यावर पातळ पिवळा कागद ठेवून बाई चेहरा सुधारायच्या. मग त्याबरहुकूम दोन मुख्य चित्रांच्या मधली, हालचालीची चित्रे व्हिएतनामला लिएनच्या हाताखाली काढली जायची. बाईंचा पिवळा कागद म्हणजे ब्रह्मवाक्य. त्यापायी मनगटाला औषधी पट्टी कायमची चिकटली होती, संसार झाला नव्हता, आणि चेहरे सुधारण्यापलीकडे बाईंना जगात काही येतही नव्हते.

पलीकडून लिएनचा आवाज आला. बाईंनी तिला फैलावर घेतले.

"बाई, तुमच्या कागदावर तसाच आहे," ती शेवटी हळूच म्हणाली. "आम्हाला वाटलं, मुलगी रडून आलीय, म्हणून तुम्ही मुद्दाम काढला असेल. प्रत्येक चित्रात तेवढाच खाली यावा म्हणून सगळे जागून बसलो."

बाईंनी गठ्ठ्यातून आपला पिवळा कागद ओढून काढला आणि खालून उजेड येणाऱ्या काचेवर ठेवला. दुसऱ्याच्या चित्रातले उणे त्यांना लगेच दिसे. आज स्वतःच्या चित्रातलेही दिसले.

"चूक तुमची नाही, पोरी," त्या फोनवर म्हणाल्या. "जेवून घ्या सगळे."

फोन ठेवला. नोझोए मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत होती. टोक केव्हाच झाले होते.

"बाकीची चित्रं कशी सरळ जातात गं?"

"मी... पाठवायच्या आधी नीट करते. हा गठ्ठा घाईत तसाच गेला."

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"आणि सगळे मूग गिळून बसलात!"

"सांगणार कोण, बाई? आम्हाला पेन्सिल धरायला तुम्हीच शिकवलंत."

बाईंना राग यायला हवा होता. आला तो थकवाच. त्यांनी आपल्याच कागदावर नवा पिवळा कागद ठेवला, श्वास रोखून डोळा काढला आणि विचारले, "सरळ आहे?"

"आहे की, बाई."

"खोटं बोलायला मी नव्हतं शिकवलं."

त्यांनी नवा कागद आणि पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. नोझोएने डोळा काढला. मुलगी आता रडून आल्यासारखी दिसत नव्हती.

बाईंनी तो कागद आपल्याकडे ओढला. मग कोपऱ्यात, जिथे इतकी वर्षे 'हिनुमा' लिहिले जायचे तिथे, त्यांनी सावकाश 'नोझोए' लिहिले आणि आपली खुर्ची जरा बाजूला घेतली.

"घे पुढचं. शुक्रवारी भाग दाखवायचाय."