दुर्बिणीत दिसलं ते

कापसाला कधी नव्हे तो भाव आला, त्या तीन-चार वर्षांत वऱ्हाडातली माणसं हरखून गेली होती. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कुणी गावजेवणं घातली. अकोल्यापासून पाच कोसांवरच्या निंबखेडचे महादेवराव मात्र खामगावच्या दलालाबरोबर थेट मुंबईला जाऊन आले, आणि येताना गाडीभर यंत्रं घेऊन आले.

त्यात ठोके देणारं एक घड्याळ होतं. निंबखेडच्या धुळीत ते आठ दिवस नीट चाललं, मग मनाला येईल तेव्हा वाजू लागलं. सुपारी कातरायचं एक यंत्र होतं; मूठ फिरवली की खाली नुसता भुगा पडायचा. महादेवरावांच्या बायकोनं, पार्वताबाईनं, ते दोन दिवस वापरलं आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप आपला अडकित्ता काढला. किल्ली दिली की गाणारी एक पेटी होती, पण तिला गाणं एकच येत होतं आणि ते काही केल्या कुणाच्या तोंडात बसेना. टिकली ती एकटी दुर्बीण.

दिवस कलायला लागला की महादेवराव दुर्बीण घेऊन माडीच्या धाब्यावर, मातीच्या सपाट गच्चीवर, चढायचे. तिथून सगळं शिवार दिसायचं. आणि मग चावडीवर येऊन सांगायचे, "काहून गोवर्धन, तुही म्हैस नाल्यात लोळत होती अन् तू निंबाखाली घोरून राहिला होता." माणसं हसायची. गोवर्धनही हसला. पण त्या दिवसापासून तो निंबाखाली निजेनासा झाला. बायका नाल्यावर धुणं घेऊन जाईनाशा झाल्या. कुणी काही बोललं नाही. महादेवरावांच्या शब्दाला वजन होतंच, त्यात आता इंग्रजी भिंगाचीही साक्ष मिळायला लागली.

पाहुणे आले की त्यांचा एक खेळ ठरलेला. पाहुण्याला धाब्यावर दुर्बीण देऊन स्वतः सात-आठशे हातांवर आपल्या शेताच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, जाऊन उभे राहायचे, नेहमी त्याच एका बाभळीच्या खुंटाजवळ. हातात काहीतरी धरायचे, कधी कणीस, कधी सांडशी. पाहुण्यानं वरून ओळखायचं. पाहुणा तोंडात बोट घालायचा.

त्या धुऱ्याच्या मागे नाला होता आणि नाल्याच्या पलीकडे मैनाबाई माळणीचा मळा. वांगी, मिरच्या, वालाचा मांडव आणि कडेनं झेंडू. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मैनाबाई स्वतः मोट हाकायची, स्वतः डोक्यावर पाटी घेऊन अकोल्याच्या बाजाराला जायची. तिला एकच मुलगी, गोदी. तिचं लग्न लहानपणीच अंजनगावच्या नत्थुजी माळ्याच्या मुलाशी, चंद्रभानशी, लागलं होतं. आता ती पंधरा वर्षांची झाली होती आणि दिवाळी होताच सासरी नांदायला जायची होती.

कार्तिकात एका संध्याकाळी महादेवराव चावडीवर बसले होते. अंजनगावचे दोन-तीन गाडीवान सरकी न्यायला आले होते, तेही होते. बोलता बोलता महादेवराव हसत म्हणाले, "आमचा सूर्यभान गवत कापाले जाते म्हंते. आज पाह्यलं मी, कापून राहिला होता. मैनाबाईच्या गोदीच्या खांद्यावर हात टाकून."

सूर्यभान म्हणजे त्यांचाच सालदार गडी. चावडीवर हशा झाला. गाडीवान हसले नाहीत.

आठ दिवसांत नत्थुजीचा निरोप आला, पोरगी तुमच्याकडंच ठेवा.

कार्तिकातल्या त्या दिवशी मैनाबाई मळ्यातच होती. गोदी मिरच्या तोडत होती आणि सूर्यभान नाल्याच्या पल्याड, धुऱ्यावर, शंभर हात लांब. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. निरोप आल्यावर मैनाबाई चावडीवर गेली, पंजाबराव पाटलांसमोर उभी राहिली आणि हे सगळं तिनं सांगितलं.

पाटील भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "मैना, मानसाचा डोळा चुकते. तुहाही चुकंल, माहाही चुकंल. पन दुर्बीन खोटं कशी बोलंल? तिले काय कोनाची सोयरीक हाय?"

सूर्यभाननं देवळाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली. कुणी मानली नाही. तो मजुरी शोधायला परतवाड्याकडं निघून गेला, आणि गाव म्हणालं, पाहा, पळाला.

गोदी रडली नाही. तिनं मळ्यात यायचं सोडलं, दारात बसायचं सोडलं, आणि आईशी बोलणंही कामापुरतं ठेवलं. मैनाबाई एकटी मिरच्या तोडायची. मान वर केली की धाब्यावर ती पितळ चमकताना दिसायची, आणि तिच्या हातातली फांदीच मोडून यायची.

महादेवरावांच्या देवघराला फुलं तीच पुरवायची. ते तिनं सोडलं नाही. एका सकाळी महादेवराव गाड्या घेऊन खामगावला गेले होते. पार्वताबाईनं फुलं घेतली, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मैना, वर ये. तुले काहीतरी दाखवते."

धाब्यावर लाकडी पेटीत लाल मखमलीवर दुर्बीण ठेवली होती. पार्वताबाई म्हणाली, "मले हात लावू देत नाईत. ते नसले का मी लावते. तू पाह्य."

मैनाबाईनं ती उचलली. वाटली होती त्याहून जड निघाली, आणि पितळ गार. एकात एक बसलेल्या तीन नळ्या तिनं ओढून लांब केल्या. डोळा लावला तर आधी काहीच नाही, नुसता अंधार आणि स्वतःच्याच पापण्या. मग एक हिरवट धूर हलायला लागला. हात जरा कापला की तिकडं सगळं शिवारच डोलायचं. तिनं कठड्यावर कोपर टेकलं, शेवटची नळी गव्हाच्या दाण्याएवढी आत घेतली, आणि एकदम तिचा वालाचा मांडव डोळ्यापुढं आला. वेलाचं पान न् पान मोजता येईल असा. ती इतकी दचकली की मागे सरली.

पुन्हा डोळा लावला तेव्हा तिला दुसरंच काही दिसलं. धुऱ्यावरचा बाभळीचा खुंट तिच्या मांडवाला चिकटून उभा होता. मधला नाला नव्हता. नाल्याची दरड नव्हती. शंभर हातांची जागा कुणी पुसून टाकावी तशी गेली होती, आणि वालाचा एक वेल बाभळीच्या खुंटावर चढल्यासारखा दिसत होता. तिनं दुर्बीण खाली केली. नाला होता तिथंच होता. पुन्हा लावली. नाला गेला.

"दिसलं?" पार्वताबाईनं विचारलं.

"दिसलं," मैनाबाई म्हणाली.

पार्वताबाईला वाटलं, ही आता तडक चावडीवर जाईल. मैनाबाईलाही उतरताना तसंच वाटत होतं. पण वाटेत तिचे पाय मंद झाले. पाटलाला वर नेऊन दाखवलं तर काय होईल? महादेवराव हसतील, म्हणतील, अरेच्चा, असंही होतं का. सगळे हसतील. पान खातील. आणि तिची गोदी आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत बसेल. नुसतं खरं कळून तिला पुरणार नव्हतं. जे तिच्या दारात आलं ते महादेवरावांच्या दारात जायला हवं होतं. ती घरी गेली आणि कुणाला काही बोलली नाही.

पुढच्या महिन्यात तिला हवा तो दिवस आला. अमरावतीचे वामनराव देशमुख महादेवरावांच्या मुलाला आपली मुलगी द्यावी म्हणून घर पाहायला येणार होते. माळांचा सांगावा मैनाबाईलाच आला. तिनं सकाळीच माळा पोचवल्या, एक जाड माळ मागे ठेवली, आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून मळ्यात गेली. मांडवाजवळच्या बांधावर चढून तिनं पुढं पाहिलं. बाभळीचा खुंट आणि त्याच्या नेमका वर माडीचा कोपरा. पाव हात डावीकडं सरकली. जमलं.

जेवणं झाल्यावर महादेवराव ठरल्याप्रमाणे धुऱ्यावर आले. खुंटाजवळ उभे राहिले, माडीकडं तोंड करून. मागे त्यांनी वळून पाहिलं नाही. मागे पाहायला होतं काय, माळणीचा मळा. त्यांनी उजव्या हातात एक पितळी तांब्या धरला. मैनाबाईनं दोन्ही हातांत माळ धरून हात पुढं पसरले, जणू समोरच्या वेलावर ती टाकायची आहे. मग मान कलती केली. हात दुखायला लागले तरी ती हलली नाही. आपल्या पांढऱ्या कपाळाचं, आपल्या नावाचं आता काय होईल हे तिला ठाऊक होतं. तिनं ते महिनाभर आधीच मनात मोजून टाकलं होतं.

धाब्यावर दुर्बीण वामनरावांच्या हातात होती. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग ती शेजारी पंजाबराव पाटलांना दिली. पाटलांनी पाहिलं आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

महादेवराव घाम पुशीत माडीवर आले. "सांगा पाहुनेबुवा, हातात काय होतं?"

"हातातलं पाहायचं राहूनच गेलं," वामनराव शांतपणे म्हणाले. "गळ्यातलं पाहत होतो." आणि त्यांनी गाडी जुंपायला सांगितली.

मैनाबाई महादेवरावांच्या गळ्यात माळ घालताना दिसली, ही गोष्ट दिवस मावळायच्या आत गावभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवरावांनीच चावडी बोलावली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता असा त्यांचा चेहरा होता. मैनाबाई आली आणि खांबाजवळ उभी राहिली. गोदीला तिनं हाताला धरून आणलं होतं.

"इले विचारा," महादेवराव म्हणाले. "हे बाई नाल्याच्या तिकडं होती. मी इकडं. मधात शंभर हात."

पाटील म्हणाले, "मैना, काय म्हंतं?"

"मी काय सांगनार पाटील," मैनाबाई म्हणाली. "मानसाचा डोळा चुकते. दुर्बीनीले काय कोनाची सोयरीक हाय?"

पाटलांनी खाली पाहिलं. महादेवरावांचा आवाज चढला. "अवं, त्या दुर्बीनीत मागचं पुढचं एका जागी दिसते. मी दाखवतो. दोन काड्या आना." त्यांनी जमिनीवर काड्या रोवल्या, दुर्बीण ताणली, माणसांना एकेक करून पाहायला लावलं. घाईघाईत नळी त्यांच्या हातातून दोनदा निसटली. गोवर्धननंही पाहिलं. सगळ्यांनी पाहून झालं.

"म्हंजे ते खोटं दाखवते," मैनाबाई म्हणाली.

"दाखवते."

"मंग कार्तिकात काय दाखवलं?"

महादेवराव दुर्बीण हातात घेऊन उभे राहिले.

"तवाही असंच झालं असंल," ते म्हणाले.

"असंल नको."

"झालं," ते म्हणाले. "असंच झालं."

"हे मले नका सांगू. अंजनगावले जा. नत्थुजीच्या दारात उभे राहा, अन् ह्या काड्या तिथं रोवून दाखवा. तवा मी बोलीन."

महादेवराव गेले. दुसरा उपायच नव्हता. काड्यांनी दुर्बीण खोटं दाखवू शकते एवढंच पटलं होतं; त्या दिवशी तसंच झालं हे मैनाबाईच सांगू शकत होती. तिच्या एका शब्दावर त्यांची अब्रू टांगली होती. गावातला मोठा माणूस माळ्याच्या अंगणात उकिडवा बसून काड्या रोवतोय, हे पाहायला अंजनगावची सगळी आळी जमली होती. ते परत आले तेव्हा मैनाबाईनं चावडीवर खरं ते सांगितलं. हेही सांगितलं की आपण मुद्दाम उभ्या राहिलो होतो. पाटलांनी कपाळाला हात लावला, पण तिला बोल कुणी लावला नाही. वामनरावांना निरोप धाडला गेला. त्यांनी उत्तर पाठवलं की मुलीची सोयरीक दुसरीकडं ठरली.

नत्थुजी स्वतः गोदीला न्यायला आला. मैनाबाईच्या मनात त्याला दारातूनच परत लावायचं होतं. शब्द तिच्या ओठावर आले होते. पण गोदी बाहेर आली, सासऱ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "मी येईन. पन होळी झाल्यावर. तवरक मायच्या मिरच्या तोडाच्या हायेत." आणि कित्येक दिवसांनी पाटी घेऊन, डोक्यावरून पदर न ओढता, ती भर गावातून मळ्यात गेली. मैनाबाई तिच्याकडं पाहत राहिली. इतके दिवस छातीत धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं, आणि ते सुटल्यावर तिला एकदम थकवा आला.

महादेवराव पुन्हा धाब्यावर दिसले नाहीत. दुर्बीण त्यांनी खामगावच्या दलालाला देऊन टाकली असं लोक म्हणत.

एका सकाळी मैनाबाई फुलं घेऊन त्यांच्याकडं गेली. पार्वताबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं फुलं घेतली नाहीत.

"माह्या पोराचं काय चुकलं होतं, मैना?" तिनं मान वर न करता विचारलं.

"माह्या पोरीचं काय चुकलं होतं?"

"काहीच नाई," पार्वताबाई म्हणाली. "म्हनून तर तुले वर नेलं होतं."

मैनाबाईनं फुलं ओसरीच्या कडेला ठेवली. महादेवरावांवर घाव घालताना मध्ये कोण उभं आहे हे तिनं पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं, आणि तरीही घातला होता. संधी पुन्हा आली तर पुन्हा घालीन, हेही तिला त्या क्षणी कळत होतं. तिनं पाटी उचलली, पदर खोचला आणि बाजाराचा दिवस होता म्हणून अकोल्याची वाट धरली.