गावाला लावलेला फोन

जामखेडजवळच्या एका गावात ग्राम सुरक्षा यंत्रणेचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा तिथल्या मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून माझा आवाज वाजवला. माझी मावसबहीण पूजा त्या गावात दिली आहे. तिनेच फोन करून सांगितलं, की बायका डोळे पुसत होत्या आणि आलेले साहेब म्हणाले, संकटात निरोप द्यावा तर असा. पूजाला अभिमान वाटला होता. मी बरं म्हटलं आणि पुन्हा उत्तरपत्रिका तपासायला बसले.

तो निरोप बावीस सेकंदांचा आहे. मी दिपाली, गोरक्षनाथ अण्णांची मुलगी बोलतेय, असा तो सुरू होतो. अण्णांना आज सकाळी पळवून नेलं आहे, त्यांची गाडी कॅनॉलच्या पुलाजवळ सापडली आहे, ज्यांनी काही पाहिलं असेल त्यांनी कळवा, सगळ्यांनी रस्त्यावर या. आवाज कुठेही कापत नाही. वर्गात सूचना देते तसाच तो आहे.

या यंत्रणेचा एक नंबर असतो. त्यावर फोन करून बोललं, की नोंद असलेल्या प्रत्येक मोबाईलची घंटी एकाच वेळी वाजते आणि सगळ्या गावाला आपला आवाज ऐकू येतो. चोर, आग, बिबट्या, अशा वेळी ती वापरायची. आमच्या गावात ती अण्णांनी आणली. शेवगावात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. दुकान बंद करून आले, की वही घेऊन ते घरोघर हिंडत. शेजारची रंगुबाई त्यांना म्हणाली होती, "माज्यासारख्या म्हातारीचा नंबर कशाला रं? चोर आला तर मी धरू का त्याला?" अण्णा म्हणाले, "धरू नको. तुझ्या दोन शिव्या ऐकव, आपोआप माघारी जाईल." ऊसतोडीला जाणाऱ्यांचे नंबर दरसाल बदलत, ते अण्णा परत परत लिहून घेत. रविराजने दोनदा सिम बदललं. दोन्ही वेळा तो स्वतः दुकानात येऊन नवा नंबर देऊन गेला.

रविराज आमच्या पलीकडच्या वस्तीवरचा. त्याने आणि छगन नावाच्या बाहेरगावच्या एका टेम्पोवाल्याने अण्णांना नेलं.

त्या दिवशी अण्णा साडेसहाला मोटर चालू करायला शेतात गेले. नऊ वाजता त्यांच्याच मोबाईलवरून आईला फोन आला. आवाज अनोळखी होता. त्याने पैसे मागितले, दुपारपर्यंतची मुदत दिली आणि गावात किंवा पोलिसांत कळलं तर माणूस दिसणार नाही, असं सांगितलं. आई भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "कुनाला सांगू नको. मागत्यात ते देऊ. मानूस घरी येऊ दे." नंतर तेच तिने दोनदा सांगितलं. शेवटी माझं मनगट धरून सांगितलं. मधे मी शेताकडे पाहून आले होते, तर अण्णांची गाडी कॅनॉलच्या पुलाजवळ उभी होती.

मी पुष्कळ वाचलेली. गुपित राखणं हे नेहमी गुन्हेगाराच्याच सोयीचं असतं, असं माझं ठाम मत होतं. पोलिसांना फोन केला आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी अंगणात जाऊन गावाचा नंबर लावला. मी बोलू लागले, तोच घरात आईचा मोबाईल वाजला. तिने तो उचलला असावा, कारण माझाच आवाज मला मागून ऐकू येऊ लागला.

माणसं धावली. शे-दीडशे लोक कॅनॉलवर पसरले. दुपारी तीन वाजता चारीत, कॅनॉलचं पाणी शेतांकडे नेणाऱ्या पाटात, अण्णांचं प्रेत सापडलं. शोधणाऱ्यांत रविराज होता. दुसऱ्या दिवशी सरणाची लाकडं रचायलाही तो होता. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला उचललं. गावातल्या एवढ्या मोबाईलपैकी त्याच्या एकट्याच्या मोबाईलवर माझा निरोप चारीजवळच्या टॉवरवरून ऐकला गेला होता.

पुढचं सगळं लोकांनी पाहिलं आहे. शेवगाव बंद झालं, मोर्चा निघाला. निरनिराळ्या पक्षांची माणसं येऊन सतरंजीवर बसून गेली आणि जाताना दारात कॅमेऱ्याशी बोलली. चौकात अण्णांचा मोठा फ्लेक्स लागला. त्यात त्यांच्या फोटोपेक्षा खालचे फोटो जास्त होते. चॅनेलवाल्यांनी माझा निरोप इतक्यांदा वाजवला, की पोरांनी त्याला संगीत लावून मोबाईलवर फिरवलं. लेकीच्या एका फोनने खुनी सापडला. मायलेकींचं धाडस. हे दुसरं वाक्य एका पेपरात मथळ्याला होतं. उपसरपंच वाल्मिकभाऊंनी ते कात्रण चौकट करून आणलं आणि खिळा ठोकून आमच्या ओट्यावर लावून दिलं. महिला दिनाला आम्हा दोघींना शाल आणि नारळ मिळाला. आईने नारळ रंगुबाईला देऊन टाकला. शाल तिने अजून उलगडलेली नाही.

आई मला कधी काही बोलली नाही. स्वयंपाक करते, वाढते, दुकानाचं काय करायचं ते विचारते. त्या फोनचा विषय निघाला, की उठून आत जाते.

माझ्या साक्षीची तारीख लागली, त्याच्या अकरा दिवस आधी सरकारी वकिलांनी मला पुरवणी कागद वाचायला दिले. छगन माफीचा साक्षीदार झाला होता. त्याच्या जबाबाचं तिसरं पान मी त्यांच्या ऑफिसात बसून वाचलं. छगन सांगतो, की रविराज तोंडाला रुमाल बांधून होता, तरी म्हाताऱ्याने त्याला ओळखलं असावं असं वाटत होतं. तोवर मारायचं ठरलेलं नव्हतं. मग रविराजचा फोन वाजला. त्याने स्पीकर चालू केला. मुलीचा आवाज आल्यावर म्हाताऱ्याने मान वर केली आणि शेवटपर्यंत ऐकलं. फोन बंद झाल्यावर रविराज म्हणाला, सगळ्या गावाला कळलं, आता ह्याला ठेवून चालणार नाही.

वकील म्हणाले, ओळखल्यावर ते तसंही सोडणार नव्हते. शवविच्छेदनात मृत्यूची वेळ दहा ते दोन अशी आहे, त्यामुळे ते मनाला लावून घेऊ नका. साक्षीत विचारलं तेवढंच सांगा. त्यांचा हेतू चांगला होता.

माझ्यानंतर छगनची साक्ष होती. तो हे भर कोर्टात सांगणार आणि संध्याकाळी ते घरोघर ऐकू येणार. आईला ते टीव्हीवरून कळू द्यायचं नव्हतं. ते मीच सांगायला हवं होतं, आणि दहा दिवस मी सांगितलं नाही. रोज कॉलेजातून येताना वाक्य जुळवायची, दारात आईला पाहिलं की मोडायची.

तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी आई ओट्यावर मेथी निवडत होती. मी शेजारी बसले आणि जुळवलेलं सगळं सोडून जे वाचलं ते तसंच सांगितलं. फोन वाजला ते, स्पीकरचं, मान वर केल्याचं, नंतर रविराज काय म्हणाला ते. तिचे हात थांबले नाहीत. सगळी जुडी संपेपर्यंत ती निवडत राहिली.

"पुरता ऐकला का त्यांनी?" तिने विचारलं.

"काय?"

"तुजा निरोप. शेवटापस्तोर?"

"हो. तसं लिहिलंय."

"मंग त्यांना कळलं आसंल, पोर शोधतीय." तिने देठं गोळा केली. "आन् आता आपल्याला सोडत न्हाईत, हेबी कळलं आसंल. लई शाना मानूस हुता."

आईने पदराने हात पुसले.

"मी न्हाई म्हनले हुते."

"हो."

"तीनदा."

"हो, आई."

"पेपरात लिवलं, दोघींनी ठरवलं. वाल्मिकनं खिळा ठोकला. रोज दारातून जाता-येता ते बघायचं मी. मागल्या तारखेला कोर्टात गेले, तर फोन कितीला आला, कुनाच्या मोबाईलवर आला, एवढंच इचारलं. पुढचं बोलाया लागले, तर म्हनले बास. उद्या तू सांग."

मी म्हटलं, वकिलांनी विचारलं तेवढंच सांगायला बजावलं आहे. केसला त्याचा उपयोग नाही, उलट समोरचा वकील त्यावरून मलाच घेरेल.

"वकिलाचं कोन मेलंय?" आई म्हणाली आणि मेथीची पाटी उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नगरच्या कोर्टात साडेदहाला पोहोचलो. आईची साक्ष झालेली असल्याने तिला आत बसता आलं. ती मागच्या बाकावर, भिंतीकडेला बसली. रविराज पोलिसांमध्ये उभा होता. तो पूर्वीपेक्षा जाड झाला होता.

वकिलांनी क्रमाने विचारलं. अण्णा किती वाजता गेले, फोन कधी आला, पलीकडचा माणूस काय म्हणाला. मग तुम्ही काय केलं?

"आई म्हणाली, कोणाला सांगू नको. तीनदा म्हणाली. मी तिचं ऐकलं नाही. पोलिसांना कळवलं आणि मग गावाचा फोन लावला."

वकिलांनी हातातल्या कागदावरून मान वर केली. जज्जसाहेबांनी विचारलं, हे लिहून घ्यायचं आहे का? मी म्हटलं, हो. त्यांनी टंकलेखकाला सांगितलं, "माझ्या आईने मला तीन वेळा मनाई केली होती. तिला न जुमानता मी फोन लावला." कीबोर्डच्या कळा वाजल्या. मी मागे पाहिलं नाही.

उलटतपासात समोरच्या वकिलाने अर्थातच तेच धरलं. तुम्ही फोन केला नसता तर वडील आज असते, असं तुम्हाला वाटतं का? सरकारी वकील हरकत घ्यायला उठले, पण मी आधीच बोलून गेले होते. मी म्हटलं, मला माहीत नाही. रोज वाटतं, पण माहीत नाही. पहिलं वाक्य लिहिलं गेलं, दुसरं जज्जसाहेबांनी वगळायला सांगितलं. मी प्रत्येक पानावर सही केली.

बाहेर पायऱ्यांवर एक चॅनेलवाला उभा होता. आतलं त्याला अजून कळलेलं नव्हतं. त्याने माईक आईपुढे धरला आणि विचारलं, "आई, लेकीचा अभिमान वाटतो ना?"

आईने त्याच्याकडे पाहिलं. "मी न्हाई म्हनले हुते," ती म्हणाली. "तिनं आज सांगितलं समदं."

त्याने माईक माझ्याकडे वळवला, मग खाली घेतला. आई पायऱ्या उतरून शेवगावची गाडी किती वाजता आहे ते कोणाला तरी विचारत होती.