लाल डब्यातला समुद्र

मी बोलतोय तो लाल प्लास्टिकचा डबा, डोळ्यांना लावून चित्रं बघायचा. नाक मुरडू नका. खेळणं म्हणून जन्मलो हे खरं, पण खेळण्याचं काम माझ्या वाट्याला फारसं आलंच नाही. मला दोन भिंगं आहेत, उजव्या बाजूला खटका आहे आणि पोटात पुठ्ठ्याची गोल चकती. खटका दाबला की चित्र बदलतं, आणि ते असं खोल दिसतं की वाटावं, हात घातला तर आत जाईल.

१९९४ साली नागभीडच्या स्टेशनवर केवळराम पेंटरनं मला विकत घेतलं, धाकट्या लेकीसाठी, जयासाठी. सोबत तीन चकत्या होत्या. बर्फाचे डोंगर शेळीनं खाल्ले, राजवाडा पावसात भिजून फुगला. उरला समुद्र. सात चित्रं, सगळी निळी नि निवांत. त्या समुद्राच्या जिवावर मी फार मिरवलो.

केवळराम नाटकांचे पडदे रंगवायचा. आमच्या झाडीपट्टीत, विदर्भाच्या या पूर्व टोकाला, धान निघालं की गावोगाव नाटकं लागतात आणि नाटकाला मागे रंगवलेला पडदा लागतोच. नवं काम आलं की केवळराम पोरीकडून मला मागून घ्यायचा आणि आंगणातल्या मोहाच्या झाडाखाली बसायचा. अर्धा अर्धा तास हालचाल नाही. पेंटर समुद्रावर गेले, असं त्याची बायको रुखमाबाई आल्यागेल्याला सांगायची. आणि उठून हा रंगवायचा काय, तर जंगल! नाहीतर कचेरी! इतका समुद्र दाखवला, त्याचा थेंबसुद्धा पडद्यावर नाही. माझा नुसता संताप व्हायचा.

२००५च्या दिवाळीनंतर केवळरामला लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. लेकींपैकी घरात जया तेवढी होती. थोरली दिव्यानी त्याच उन्हाळ्यात सिरोंच्याकडे दिली होती. आमच्या गावची रीत आहे, सासरी निघालेल्या लेकीला तळ्याच्या पाळीपर्यंत, म्हणजे मातीच्या बांधापर्यंत, पोचवायचं. लेक पलीकडे उतरून जाते, आई वरच थांबते. दिव्यानी दिसेनाशी झाली तरी रुखमाबाई पाळीवरून हलेना, जयानं तिला हाताला धरून घरी आणलं. हे मी पाहिलं नाही, पण घरात इतक्यांदा ऐकलं की पाहिल्यासारखंच झालं.

जानेवारीत गावच्या नाटक मंडळाचा लहानूभाऊ आला. त्याच्या नव्या नाटकात लेक जहाजातून दूरदेशी जाते आणि आई किनाऱ्यावर उभी राहते, म्हणून त्याला समुद्राचा पडदा हवा होता. खाटेवरचा केवळराम पाहून तो हळहळला आणि म्हणाला, जाऊ द्या, नागपूरहून छापील फ्लेक्स आणतो, आता सगळे तेच करतात. केवळरामनं तोंड भिंतीकडे फिरवलं. ते पाहून जया म्हणाली, मी करून देते. लहानूभाऊनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शुक्रवारची दुपार ठरवून दिली. पसंत पडला तर पुढचे पडदेही याच घरात, नाहीतर फ्लेक्स, कायमचा.

हातात चार दिवस. पहिल्या दिवशी खळ लावलेलं कापड आंगणात ताणलं. जयानं कोळसा उचलला आणि परत खाली ठेवला. आजवर तिनं बापाला रंग घोटून दिले होते, कोपरे भरून दिले होते, पण एवढं पांढरं कापड एकटीनं कधी अंगावर घेतलं नव्हतं. तशी ती मला घेऊन मोहाखाली बसली.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी समुद्र दाखवला आणि तिचा श्वास लांब होत गेला. खटक्यावरचं बोट सैल पडलं. म्हटलं, आता बघाच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पडदा तयार. निळं पाणी, नारळाचं झाड, माझं तिसरं चित्र जसंच्या तसं! मी तर फुगलोच. केवळरामला खाटेसकट आंगणात आणलं. त्यानं बराच वेळ पाहिलं.

"हे तं माह्या डब्यातला फोटो हाये," तो एकेक शब्द ओढत म्हणाला. "ह्याच्यात तू कुठी हायेस?"

जयानं पांढरा रंग कालवला आणि दोन दिवसांची मेहनत पुसून टाकली. रुखमाबाईनं कपाळाला हात लावला.

तिसऱ्या दिवशी पोरगी सकाळपासून मला डोळ्यांना लावून बसली. सात चित्रं झाली की पुन्हा पहिल्यापासून. आत कसं छान निळं, बाहेर वाळलेलं पांढरं कापड. तिला बाहेर यायचंच नव्हतं. दुपार झाली, भाकर तशीच राहिली. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला की मी हिला मदत करत नाही, लपायला जागा देतोय. मला माझीच भीती वाटली. खटक्यावरचं बोट आता पहिल्यासारखं सैल नव्हतं, ते धडाधड दाबत होतं. आणि एका दाबाला माझ्या पोटात कट्‌ झालं. खटका मोडला. चकती दोन चित्रांच्या मधोमध अडकली.

आत अंधार. मी मनात म्हणालो, संपलं, आता ही मला भिरकावणार.

पण तिनं मला खाली ठेवलंच नाही. काही दिसत नव्हतं, तरी ती तशीच बसून राहिली. तिच्या पापण्या माझ्या भिंगांना लागत होत्या. हळूहळू त्या ओल्या झाल्या. श्वास पुन्हा लांब झाला. किती वेळ गेला कोण जाणे, मग तिनं मला झाडाच्या बुंध्याशी ठेवलं आणि सरळ कापडाकडे गेली. त्या दिवशी ऊन जाईपर्यंत आणि शुक्रवारी सकाळपासून तिनं मान वर केली नाही.

शुक्रवारी दुपारी लहानूभाऊ आला, पडद्यासमोर उभा राहिला आणि त्याचं डोकं फिरलं. पडद्यावर समुद्र होता खरा, पार आभाळापर्यंत. पण अलीकडे आमच्या तळ्याची मातीची पाळ! पाळीवर मोहाचं झाड, खाली धुण्याचा दगड.

"समुद्राले पाळ राह्यते का वं? लोक हासतीन मले."

माझा जीव टांगणीला लागला. जयानं पाळीकडे बोट दाखवलं. "समुद्र म्या कधी पाह्यला नाई, भाऊ. माय कुठी उभी राह्यते, ते पाह्यलं हाये."

लहानूभाऊनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्याच्याही दोन लेकी याच पाळीवरून उतरून गेल्या होत्या. रुखमाबाई तोंडाला पदर लावून आत निघून गेली. तो पडद्याच्या खालच्या कोपऱ्याशी वाकला. मग गुरकावल्यासारखा म्हणाला, "कोपऱ्यात पेंटरचं नाव काऊन नाई टाकलं?"

जयानं ब्रश उचलून 'के' काढला. खाटेवरून आवाज आला. "नाई. तुयं टाक."

ते नाटक त्या हंगामात चाळीस गावांत लागलं. पाळ पाहून कोणी हसलं नाही. केवळराम पुढे दोन वर्षं जगला आणि आंगणात येणारा प्रत्येक पडदा खाटेवरून तपासून गेला.

तो समुद्र पाहून जंगल का रंगवायचा, हे मला फार उशिरा कळलं. त्याला माझा समुद्र नकोच होता. त्याला हवा होता तो अर्धा तास, जिथं कोणी हाक मारत नाही. आणि मी वेडा, निळ्या रंगाचा तोरा मिरवत बसलो.

आता २०१७ साल आहे. मी ब्रशांच्या डब्याशेजारी कोनाड्यात असतो. भिंगांवर ओरखडे आहेत, चकती अजून मधेच अडकलेली आहे. नवं काम आलं की जया मला घेऊन मोहाखाली बसते आणि अंधार बघते.

काल रुखमाबाईचा भाचा प्रणित आलाय. नागपूरला कॉम्प्युटर शिकतो. सांगत होता, आता डोक्यावर चढवायचे चष्मे निघालेत, आत अख्खं जंगल दिसतं, मन शांत होतं आणि मग माणसाला नवं नवं सुचतं. जंगल पाहाले चष्मा काऊन लागते, असं म्हणून रुखमाबाई पोट धरून हसली. पोरगा मात्र माझ्यामागे लागलाय. एवढी जुनी वस्तू, पाच मिनिटांत चालू करून देतो म्हणतोय. स्क्रूड्रायव्हर हातातच आहे.

जया नागभीडला रंग आणायला गेली आहे. उद्या नवा पडदा सुरू करायचा आहे, आल्या आल्या ती मला मागेल. तोवर कोणीतरी या पोराचा हात धरा हो. माझ्यात पुन्हा समुद्र दिसायला लागला तर ती बसेल कुठं? मला दुरुस्त करू नका.